पुढचा दात काळवंडला किंवा तुटला: ब्लीचिंग, कॉम्पोझिट, व्हिनियर की कॅप?

पुढच्या दाताचा कोपरा उडाला किंवा रंग गेला की बहुतेकांच्या डोक्यात थेट कॅप येते. माझं मत उलट आहे. ज्या उपायात दात कमीत कमी तासावा लागतो तो आधी बघावा, कारण तासलेलं एनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कडक आवरण, पुन्हा येत नाही.

रंग कशामुळे बदलला यावर निम्मा निर्णय होतो. चहा, तंबाखू, मिश्री यांचे डाग वरवरचे असतात. स्केलिंग आणि पॉलिशिंग करून घ्या, त्यात भागलं तर पुढचं वाचायचीही गरज नाही. वयानुसार येणारा पिवळेपणा ब्लीचिंगने, म्हणजे औषधाने दात उजळवून, चांगला कमी होतो. घरी दातांवर बसणाऱ्या ट्रेमध्ये घालून वापरायचं जेल साधारण १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडचं असतं. त्याला दोन-चार आठवडे लागतात आणि काही दिवस दात शिवशिवतात. लहानपणी घेतलेल्या टेट्रासायक्लिन या अँटिबायोटिकमुळे आलेल्या करड्या पट्ट्या मात्र चिवट असतात, तिथे महिनोन्‌महिने ब्लीचिंग करावं लागतं.

चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराइडमुळे दातांवर पांढरे-तपकिरी ठिपके दिसतात. ठिपके उथळ असतील तर मायक्रोअ‍ॅब्रेजनने, म्हणजे वरचा अगदी पातळ थर घासून, काम होऊ शकतं. अशा दातांवर पहिल्याच भेटीत व्हिनियर (त्याबद्दल खाली) सुचवले गेले तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवावं.

कोपरा तुटला असेल तर कॉम्पोझिट, म्हणजे दातावर थेट चिकटवायचं दाताच्याच रंगाचं भरण. एका बैठकीत होतं, दात जवळपास तासावा लागत नाही, आणि पुन्हा तुकडा उडाला तर तेवढाच भाग दुरुस्त करता येतो. तोटा असा की चहा-हळदीने ते रंगतं आणि साधारण पाच-सात वर्षांत बदलावं लागतं. तरीही विशी-पंचविशीतल्या माणसाने, माझ्या मते, इथेच थांबावं.

व्हिनियर म्हणजे दाताच्या दर्शनी बाजूला चिकटवलेला सिरॅमिकचा पातळ पापुद्रा. त्यासाठी साधारण अर्धा मिलिमीटर दात तासतात. चमक कॉम्पोझिटपेक्षा सरस, रंग टिकाऊ, आयुष्य दहा-पंधरा वर्षं. खर्च कित्येक पट. पण एकदा तासल्यावर त्या दाताला कायमचं काही ना काही लावावंच लागतं. झोपेत दात खाणाऱ्यांचे व्हिनियर तडकतात. आणि दात फारच काळा असेल तर पातळ व्हिनियरमधून तो काळेपणा डोकावतो, हे जाहिरातीत कुणी सांगत नाही.

कॅपसाठी दात चारही बाजूंनी एक ते दोन मिलिमीटर तासतात. रूट कॅनाल झालेल्या दाढेला ती बहुतेक वेळा हवीच, नाहीतर चावताना दाढ उभी चिरते. पुढच्या दाताचं तसं नाही. रूट कॅनालनंतर तो काळवंडला असला तरी बाकीचा शाबूत असेल, तर मागच्या बाजूने उघडून आतून ब्लीचिंग करता येतं. औषध आत ठेवून दात बंद करतात आणि काही दिवसांनी ते बदलतात. काही वर्षांनी रंग परत उतरू शकतो, पण तेव्हा हेच पुन्हा करता येतं. कॅपच्या आधी हा पर्याय डॉक्टरांना आवर्जून विचारा.

दात अर्ध्याहून जास्त गेला असेल तर मात्र कॅपच. धातूवर सिरॅमिक चढवलेली स्वस्त पडते, पण हिरडी सरकली की कडेला काळी रेघ दिसते. झिर्कोनिया या कडक सिरॅमिकची भक्कम, दाढेला उत्तम. पुढच्या दाताला लिथियम डायसिलिकेट या काचेसारख्या सिरॅमिकची घ्यावी. तिच्यातून प्रकाश खऱ्या दातासारखा आरपार जातो. आतला दात फार काळा असेल तर हाच गुण आड येतो, मग झिर्कोनियाच बरी.

यातलं काहीही करा, बाकीचे दात ब्लीच करायचे असतील तर ते आधी. कॉम्पोझिट, व्हिनियर, कॅप यांचा रंग ब्लीचिंगने बदलत नाही. ब्लीचिंगनंतर निदान दोन आठवडे थांबून शेड, म्हणजे रंगछटा, ठरवा, कारण ताज्या ब्लीच केलेल्या एनॅमलवर कॉम्पोझिट नीट धरतही नाही.