किरणोत्साराचा हृदयावर परिणाम: प्रयोगासाठी माऊस (लहान उंदीर) घ्यावा की रॅट (मोठा उंदीर)?

प्रश्न जनुकाचा असेल तर बहुधा माऊसच. एपीओई हे रक्तातील चरबीशी संबंधित जनुक काढलेल्या माऊसच्या धमन्यांत चरबीचे थर साचतात. साध्या माऊसमध्ये किंवा रॅटमध्ये ते सहसा होत नाही. पण जेमतेम 25 ग्रॅमच्या माऊसचे हृदय 0.15 ग्रॅमच्या आसपास, ठोके मिनिटाला 500 ते 600. किरणझोत 2 मिलिमीटर सरकला तरी फुप्फुस झोतात जास्त सापडते, आणि मग फुप्फुसदाहाने धापणारा प्राणी हृदयविकाराचा वाटतो. म्हणून दर वेळी आधी सीटी स्कॅन काढून नेम तपासावाच.

रॅटचे हृदय सुमारे 1 ग्रॅमचे: नेम सोपा, इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) भिंतींची जाडी स्पष्ट, रक्तही जास्त मिळते. जागा मात्र अधिक लागते.

दोन्हींत आयसोफ्लुरेनची भूल खोल गेली तर ठोके मंदावतात, इकोचे आकडे फसवतात. फायब्रोसिस (हृदयात व्रणासारखे तंतू साचणे) पाहायचा तर महिनोन्‌महिने थांबावे लागते.