तडकलेली बॅटरी ‘चालते’ म्हणून गळ्यात मारली

४,६५० रुपये गेले. बॅटरीचे १,४५०, बसवायचे १००, वायरिंगचे १,२५० आणि नंतर घेतलेल्या खऱ्या नव्या बॅटरीचे १,८५०. घरी सांगायला मला आठ दिवस लागले.

मार्चमध्ये नाशिकला द्वारकेच्या चौकात माझी दुचाकी आडवी पडली आणि बॅटरीचा कोपरा तडकला. तिथे ओलसर दिसायला लागलं, म्हणून ती बदलायची हे मी स्वतःच ठरवलं. म्हणजे मला काही कळत नव्हतं असं नाही. मुंबई नाक्याकडच्या एका दुकानात गेलो. संध्याकाळचे साडेसात वाजले होते, सकाळी सातला अंबडला शिफ्ट. गाडी हवीच होती.

दुकानदाराने काढून दिलेली बॅटरी काउंटरवर ठेवली तेव्हा ती डुगडुगली. तेव्हाच उठून निघायला हवं होतं. सपाट काचेवर नवी बॅटरी डुगडुगेल कशी? मी अंगठा फिरवून पाहिला, बाजू फुगलेली लागली. मी चौदा वर्षं कारखान्यात सीएनसी मशीनवर आहे, मायक्रॉनमध्ये मापं घेतो, आणि तो फुगवटा हाताला लागूनही गप्प बसलो! तो म्हणाला, “भाऊ, उन्हाळ्यात थोडी फुगते, चालते. हे बघा.” मीटर लावला, १२.७ व्होल्ट. हॉर्न दणदणीत वाजला. मी पैसे दिले.

चार्जरवरून नुकतीच काढलेली बॅटरी व्होल्ट दाखवणारच. दोन-तीन तास तशीच ठेवून मग मोजा. सेल्फ मारताना मीटरकडे बघा, ९.६ च्या खाली गेली तर ती कामाची नाही. आणि फुगलेली, तडकलेली, गळकी असेल तर मोजायच्या भानगडीतही पडू नका. आत गंधकाचं आम्ल असतं, चार्ज होताना हायड्रोजन निघतो, स्फोटाला एक ठिणगी पुरते.

अकराव्या दिवशी सीटखालून सडक्या अंड्यासारखा वास आला. आम्ल वायरिंगवर उतरलं होतं, पॅंटला भोकं पडली. पाथर्डी फाट्यावरच्या मेकॅनिकने चार्जिंग मोजलं, १४.१ व्होल्ट, म्हणजे चार्जिंग हद्दीत ठेवणारा रेग्युलेटर ठीक. गाडीने तिला फुगवलं नव्हतं, ती फुगलेलीच मिळाली होती. स्टिकर नखाने सोलला तर खाली जुना स्टिकर, आणि तळाच्या चिरेत एमसील भरलेलं.

परत गेलो तर दुकानदार म्हणतो, “बिल दाखवा.” त्याने दिली होती कच्ची चिठ्ठी, ना शिक्का ना जीएसटी नंबर. वॉरंटी कार्ड कोरं. आणि कोपऱ्यात, चार्जरला लावलेली, माझीच जुनी बॅटरी! मी प्रत्येक बॅटरीवर बसवल्याची तारीख खिळ्याने कोरतो. ‘१२/२२’ स्पष्ट दिसत होतं. तडा एमसीलने बुजवलेला.

पोलिसांकडे गेलो. पहिल्या दिवशी “साहेब बंदोबस्ताला गेलेत.” दुसऱ्या दिवशी “हे दिवाणी प्रकरण, आमचं काम नाही.” तिसऱ्या दिवशी “दीड हजारासाठी कशाला फिरता काका?” अहो, दीड हजाराचा प्रश्न नाही! तडकलेली बॅटरी नवी म्हणून विकणं ही फसवणूक नाही तर काय आहे? उद्या कोणाच्या मांडीवर आम्ल सांडलं की मग पंचनामा करणार का? साधा अर्जही घेतला नाही. तीन अर्धे दिवस रजा गेली, ती वर धरलेलीच नाही. बॅटरी कंपनीला फोन केला तर म्हणे, आतल्या स्टिकरवरचा नंबर २०२१ चा, वॉरंटी संपली, दुकानदाराशी बोला. त्यांच्या नावाचा खोटा स्टिकर विकला जातोय, याचं त्यांना काहीच नाही.

पक्कं बिल घ्या, त्यावर बॅटरीचा नंबर लिहून घ्या. बिल असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवा, तिथे नाही सुटलं तर जिल्हा ग्राहक आयोगात जा. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी नाही, मुदत दोन वर्षं. जुनी बॅटरी दुकानात सोडायची असेल तर डोळ्यांसमोर तिची टर्मिनलं तोडून घ्या. मी ते केलं नाही. गाडीवर किंवा जमिनीवर आम्ल सांडलंच तर हाताने पुसू नका, खाण्याच्या सोड्याचं पाणी ओता.

गेल्या आठवड्यात त्या दुकानावरून गेलो, कोपरा रिकामा होता. नाशिकमध्ये कोणाच्या गाडीत खिळ्याने ‘१२/२२’ कोरलेली बॅटरी असेल, तर किल्ली फिरवू नका. आधी ती काढा.