एक्सपीवर चालणारा व्हीएलसी म्हणून मला जे विकलं गेलं

जून २०२२ मध्ये दोन दिवसांत माझ्या खात्यातून ५२,४९७ रुपये गेले. निमित्त होतं व्हीएलसी नावाच्या व्हिडिओ प्लेअरचं, जो जगात सगळ्यांना फुकट मिळतो. जुना संगणक अजून सांभाळून वापरणारे माझ्यासारखे पुष्कळ आहेत. कुणाचा श्रीलिपी या मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरचा डोंगल एक्सपी या जुन्या विंडोजशिवाय चालत नाही, कुणाच्या कारखान्यातलं मशीन त्याच संगणकाला जोडलेलं आहे. त्यांच्यासाठी घडलं तसं सगळं लिहितो.

माझा कराडला लहानसा फोटो-व्हिडिओ स्टुडिओ आहे. लग्नाच्या जुन्या व्हीएचएस कॅसेट डीव्हीडीवर करून देण्याचं काम अजून येतं. त्यासाठी व्हीसीआर आणि संगणक यांच्यामध्ये जे कॅप्चर कार्ड लागतं, त्या माझ्या कार्डाचा ड्रायव्हर विंडोज एक्सपीपुढे कधी आलाच नाही. त्यामुळे २००७ साली घेतलेला संगणक मी तसाच ठेवलाय. मायक्रोसॉफ्टने एक्सपीचे अपडेट ८ एप्रिल २०१४ ला बंद केले हे मला ठाऊक होतं. पण कार्ड चालतंय, मिक्सिंग होतंय, तोवर बदलायची गरज वाटली नाही.

त्या जूनमध्ये एक मुलगी आली. आईवडिलांच्या लग्नाला पंचवीस वर्षं होत होती. १९९७ ची लग्नाची कॅसेट आणि तिने आयफोनवर घेतलेल्या अकरा क्लिप, दोन्ही जोडून एक डीव्हीडी हवी होती. कॅसेट सुंदर निघाली. पेनड्राइव्हवरच्या क्लिप मात्र चालेनात. माझ्याकडे व्हीएलसीची जुनी आवृत्ती होती. आवाज यायचा, चित्र नाही, आणि हा फॉरमॅट चालत नाही असा निरोप यायचा. कारण साधं होतं. नवे आयफोन एचईव्हीसी नावाच्या पद्धतीने व्हिडिओ साठवतात. ते मानक २०१३ साली आलं आणि माझा प्लेअर त्याच्या आधीचा होता. हे आज सांगता येतं. त्या दिवशी एवढंच कळलं की नवा प्लेअर पाहिजे.

एका ओळखीच्याकडून दुसराच एक नवीन प्लेअर आणून लावला. डबल क्लिक केलं की 'इज नॉट अ व्हॅलिड विन३२ ॲप्लिकेशन'. अजून एक आणला, तर 'प्रोसिजर एंट्री पॉइंट' सापडत नाही, कर्नल३२ नावाच्या फाइलमध्ये काहीतरी नाही, असं आलं. मला वाटलं संगणकच बिघडला.

मग व्हीएलसीची मूळ साइट उघडायला गेलो. उघडली नाही. एक्सपीवरचा ब्राउझर जुना, निम्म्या साइट त्यावर उघडतच नाहीत, म्हणून मोबाइलवर पाहिलं. तिथेही नाही. नंतर ऑगस्टमध्ये बातम्या आल्या तेव्हा कळलं की फेब्रुवारी २०२२ पासून व्हिडिओलॅनची, म्हणजे व्हीएलसी बनवणाऱ्या संस्थेची, साइट भारतात बंद केली होती. काही कंपन्यांच्या इंटरनेटवर ती उघडायची, काहींच्या नाही. इंटरनेट फ्रीडम फाउंडेशन या डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या मदतीने व्हिडिओलॅनने सरकारला कायदेशीर नोटीस पाठवली आणि नोव्हेंबरमध्ये बंदी उठली. ज्या महिन्यात मला त्या साइटची गरज होती, नेमक्या त्या महिन्यात खरं दार बंद होतं, आणि बंद असल्याचं आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. माझी चूक मी मान्य करतो, पण या गोष्टीचा राग अजून गेलेला नाही. साइट उघडली असती तर हे लिहायची वेळ आली नसती.

शोधलं तर सगळ्यात वर जी साइट आली तिच्यावर व्हीएलसीचं चिन्ह असलेला तोच नारिंगी-पांढरा शंकू, 'विंडोज एक्सपीसाठी खास' असं मोठ्या अक्षरात. वर बारीक अक्षरात 'जाहिरात' लिहिलेलं होतं, ते मी पाहिलं आणि सोडून दिलं. फाइल उतरवली ती दोन एमबीचीही नव्हती. खरा व्हीएलसी चाळीस एमबीच्या आसपास असतो. फाइल चालवली आणि पूर्ण पडदा लाल. 'या विंडोजवरील परवाना संपला आहे', खाली टोल-फ्री नंबर.

मी फोन लावला.

पलीकडचा माणूस आधी हिंदीत बोलला. माझं हिंदी ऐकून लगेच स्वच्छ मराठीत आला. "काका, काळजी करू नका, आपलंच काम आहे." त्या एका 'काका'ने माझी निम्मी शंका गेली. त्याने मला रनमध्ये एक शब्द टाइप करायला लावला, इव्हेंट व्ह्यूअर उघडलं. त्यात लाल फुल्यांची रांग लागलेली. "बघा, किती बिघाड आहे." मी घाबरलो. आता तुम्ही तुमच्या कोऱ्या करकरीत लॅपटॉपवर इव्हेंट व्ह्यूअर उघडून बघा, तिथेही लाल फुल्या दिसतील. विंडोज बारीकसारीक नोंदी तिथे ठेवतं, त्यांचा बिघाडाशी संबंध असेलच असं नाही.

पुढे त्याने दुरून संगणक हाताळायचं सॉफ्टवेअर लावायला सांगितलं. ते लावताना माझ्या एक्सपीवर परत तीच ओळ आली, 'व्हॅलिड विन३२ ॲप्लिकेशन नाही'. त्याला विचारलं तर म्हणाला, व्हायरसमुळे येतंय. इथे मी थांबायला हवं होतं. जी अडचण सोडवायचे तो पैसे मागत होता, तीच अडचण त्याच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरला आली होती आणि तिचा अर्थ त्याला सांगता येत नव्हता.

तो अर्थ नंतर माझ्या भाच्याने मला पाच मिनिटांत समजावला. प्रत्येक प्रोग्रॅमच्या फाइलच्या सुरुवातीला किमान कोणतं विंडोज पाहिजे त्याचा आकडा असतो. एक्सपीचा आकडा ५.१, त्यानंतरच्या व्हिस्टाचा ६.०. मायक्रोसॉफ्टच्या २०१२ नंतरच्या साधनांनी प्रोग्रॅम बनवला आणि बनवणाऱ्याने मुद्दाम एक्सपीचा पर्याय निवडला नाही, तर फाइलवर ६.० पडतो आणि एक्सपी ती नाकारतं. ६४-बिट फाइल ३२-बिट विंडोजवर चालवली तरी हाच निरोप. आणि प्रोसिजर एंट्री पॉइंटचं म्हणाल, तर प्रोग्रॅम विंडोजकडे असं काही मागतो जे व्हिस्टापासून पुढेच आलं. एक्सपीकडे ते नाहीच, तर देणार कुठून? म्हणजे व्हायरस नाही, परवाना नाही, संगणक बिघडलेला नाही. बिल्ड, म्हणजे प्रोग्रॅमची ती तयार फाइल, आपल्या विंडोजसाठी बनलेली नाही, एवढंच. हे मला कुणी त्या सकाळी सांगितलं असतं तर मी तो नंबर फिरवलाच नसता.

तर तो म्हणाला, "मशीन जुनं आहे काका, तुम्हाला खास एक्सपीची बिल्ड पाठवतो, २,४९९ रुपये, आयुष्यभरासाठी." क्यूआर कोड स्कॅन करून पैसे दिले. व्हॉट्सॲपवर लिंक आली, मोबाइलवर उतरवून केबलने संगणकावर घेतली. आणि ती चालली! अकरापैकी पहिल्या क्लिपचं चित्र दिसलं, अडखळत का होईना. मला इतकं हायसं वाटलं की मी त्याला फोन करून धन्यवाद दिले.

त्याने दिलेली फाइल व्हीएलसीचीच जुनी २.२ मालिकेतली आवृत्ती होती, फक्त फाइलचं नाव बदललेलं. 'अबाउट'मध्ये आवृत्ती आणि जीपीएल हा मुक्त परवाना दोन्ही लिहिलेले होते. १९९६ मध्ये पॅरिसच्या एकोल सेंत्राल या संस्थेतल्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेलं हे काम २००१ पासून मुक्त परवान्याखाली आहे. ते सांभाळणारी संस्था ना-नफा तत्त्वावर चालते, प्लेअर विकत नाही. त्याला संपणारा परवाना असूच शकत नाही. शिवाय त्या जुन्या आवृत्तीचीही गरज नव्हती. व्हीएलसीची ३.० मालिका, २०१८ ची, एक्सपी सर्व्हिस पॅक ३ वर, म्हणजे एक्सपीच्या तिसऱ्या मोठ्या अपडेटवर, चालते आणि माझ्याकडे सर्व्हिस पॅक ३ होता.

दुसऱ्या दिवशी क्लिप अडखळतात म्हणून मीच परत फोन केला. हे लिहिताना फार जड जातं. चोर माझ्या दारात आला नव्हता, दोन्ही वेळा मी त्याला बोलावलं.

तो म्हणाला, कोडेकची, म्हणजे व्हिडिओ उलगडणाऱ्या भागाची, नोंदणी राहिली, दहा रुपये फी. या वेळी स्क्रीन शेअर करायचं ॲप मोबाइलवर घ्यायला लावलं. एका फॉर्मवर डेबिट कार्डाचा नंबर, मुदत, मागचे तीन आकडे भरले. ओटीपी मी कुणालाही सांगितला नाही. सांगायची गरजच पडली नाही, मेसेज माझ्या मोबाइलवर आला तेव्हा तो त्याच्याही समोर उघडा होता. २४,९९९ गेले. मी "अहो, हे काय झालं?" म्हणेपर्यंत आणखी २४,९९९. फोन कट.

रिझर्व्ह बँकेने अशा ॲपबद्दल फेब्रुवारी २०१९ मध्येच इशारा दिला होता. माझ्या वाचनात तो आला नव्हता.

हात थरथरत होते. बँकेला फोन करून कार्ड बंद केलं, भाच्याला बोलावलं. त्याने पहिल्यांदा मोबाइलचं नेट बंद केलं, ते ॲप काढलं आणि म्हणाला, "मामा, रडत बसू नका, आधी १९३० लावा, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन." साधारण चाळीस मिनिटांत तक्रार नोंदली गेली. मग सायबरक्राइम पोर्टलवर सगळं भरलं, जिल्ह्याच्या सायबर पोलीस ठाण्यात जाऊन आलो. दुसरी रक्कम एका वॉलेटमध्ये थांबलेली सापडली, ती गोठवली आणि न्यायालयाच्या आदेशानंतर काही महिन्यांनी परत मिळाली. पहिली तोवर पुढे निघून गेली होती. बँकेने रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकावर बोट ठेवलं. ग्राहकाच्या स्वतःच्या निष्काळजीपणाने माहिती बाहेर गेली असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं. नियम तसाच आहे, म्हणून बँकेशी भांडलो नाही. मात्र त्याच नियमानुसार कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं, म्हणून लाजेपोटी एक मिनिटही घालवू नका. मी पहिली दहा मिनिटं घरी काय सांगायचं याच विचारात घालवली. तेवढ्यात पहिली रक्कम पकडता आली असती का, हा प्रश्न मला अजून झोपू देत नाही.

भाच्याने मग दोन्ही फाइल तपासून दाखवल्या. फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिजिटल सिग्नेचर्स. खऱ्या इन्स्टॉलरवर तिथे व्हिडिओलॅनचं नाव असतं. दोन एमबीच्या फाइलला तो टॅबच नव्हता. तीच फाइल व्हायरसटोटल या फाइल तपासणाऱ्या साइटवर टाकली तर निकालाची यादी लालेलाल झाली. एक्सपीची हार्ड डिस्क पुसून सगळं नव्याने टाकावं लागलं. कॅप्चर कार्डाची ड्रायव्हर सीडी जपून ठेवली होती म्हणून धंदा वाचला.

आणि ज्या अडखळण्यासाठी पन्नास हजार गेले, त्याला कुठल्याच प्लेअरमध्ये उपाय नव्हता. फोरकेची एचईव्हीसी क्लिप उलगडायला जी ताकद लागते ती २००७ च्या प्रोसेसरमध्ये नाही आणि त्या काळच्या कुठल्याही ग्राफिक्स कार्डाला एचईव्हीसी कळत नाही. भाच्याने अकराही क्लिप आपल्या लॅपटॉपवर हँडब्रेक या व्हिडिओचा फॉरमॅट बदलणाऱ्या प्रोग्रॅममध्ये टाकून एच.२६४ या जुन्या पद्धतीत, डीव्हीडीच्या ७२० बाय ५७६ मापात काढून दिल्या. हँडब्रेकही फुकटच. एका संध्याकाळचं काम. त्या मुलीला म्हटलं, फोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये फॉरमॅट्स आहे, तिथे 'मोस्ट कंपॅटिबल' करून ठेव, पुढच्या वेळी ही वेळच येणार नाही. डीव्हीडी तिच्या हातात कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी पडली. तिच्याकडून ठरलेल्यापेक्षा एक रुपया जास्त घेतला नाही. तिला हे काही माहीतही नाही.

आता एक्सपीच्या संगणकाला इंटरनेटची वायर नाही. लागेल ते दुसऱ्या संगणकावर मूळ साइटवरून उतरवतो, सही तपासतो, मग पेनड्राइव्हने नेतो. व्हीएलसीच्या ३.० चा ३२-बिट इन्स्टॉलर आणि एमपीसी-एचसी या दुसऱ्या एका प्लेअरची १.७.१३, जी त्या मूळ प्रकल्पाची २०१७ मधली शेवटची आवृत्ती आणि एक्सपीवर चालणारी, या दोन्ही फाइल मी तपासून एका सीडीवर लिहून काउंटरच्या खणात ठेवल्यात. गेल्या दिवाळीत पाटणहून एक डीटीपीवाले आले होते, त्यांच्याही पडद्यावर 'व्हॅलिड विन३२' आलं होतं आणि खिशात एका हेल्पलाइनचा नंबर लिहिलेला कागद होता. सीडीची एक प्रत त्यांना करून दिली आणि तो कागद त्यांनी माझ्यासमोरच फाडला.