आठ महिने मोबाइल बँकिंग वापरून: भरवसा कशाने बसला

ठाण्याच्या नौपाड्यात माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. अस्तर, हुक, दोरे जांभळी नाक्यावरून येतात आणि परवापरवापर्यंत सगळा हिशेब रोखीत नाहीतर चेकने चालायचा. मुलगी नोकरीला पुण्याला गेली, शाखेत रांग लावायला कोणी उरलं नाही, म्हणून आठ महिन्यांपूर्वी बँकेचं ॲप घेतलं.

इतकी वर्षं टाळलं त्याला कारण होतं. आमच्या सोसायटीतल्या एका आजोबांचे, केवायसी म्हणजे ओळखीची कागदपत्रं अपडेट करा, अशा खोट्या फोनमुळे पैसे गेले. किती, ते त्यांनी कोणालाच सांगितलं नाही. पण त्यानंतर बँकेचा साधा मेसेज आला तरी ते फोन उपडा ठेवायचे, हे मी पाहिलंय. आमच्या वयाच्या बायका ऑनलाइन बँकिंग नको म्हणतात ते ॲप जमत नाही म्हणून नव्हे. व्हॉट्सॲपवर आम्ही दिवसभर गळ्यांचे डिझाइन पाठवत असतो. पैसा गेला तर परत येईल का आणि घरात बोलणी कोण खाणार, ही खरी धास्ती.

हेच मी पहिल्या आठवड्यात कस्टमर केअरला विचारलं. उत्तर आलं, "मॅडम, आमचं ॲप पूर्ण सुरक्षित आहे." अहो, पण पैसे गेलेच तर कोणाला आणि किती वेळात सांगायचं? त्यावर पुन्हा तेच वाक्य.

शेवटी भाच्याने रिझर्व्ह बँकेचं जुलै २०१७ चं परिपत्रक वाचून दाखवलं. चूक आपलीही नाही आणि बँकेचीही नाही, अशा व्यवहाराबद्दल बँकेचा मेसेज आल्यापासून ३ कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर नुकसानाचा भार ग्राहकावर येत नाही. चौथ्या ते सातव्या दिवशी कळवलं तर ठरावीक मर्यादेपर्यंत येतं. ओटीपी किंवा पिन आपणच दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणजे लाजून गप्प बसणं सगळ्यात महाग पडतं. हे खातं उघडतानाच सांगितलं असतं तर मी दोन वर्षं आधी ॲप घेतलं असतं.

चौथ्या महिन्यात सेटिंगमध्ये खोलवर लिमिटचं पान सापडलं. कार्ड ऑनलाइन चालू-बंद करता येतं, रोजची मर्यादा आपण ठरवू शकतो. मी ती व्यापाऱ्याच्या एका बिलापुरती ठेवली.

त्याचा उपयोग जूनमध्ये झाला. भर दुपारी, मशीनवर बाही लावत असताना मेसेज: गॅसचं बिल थकलंय, आज रात्री साडेनऊला कनेक्शन तोडणार, सोबतची फाइल उघडा. नंबर साधा दहा आकडी. सणाचं काम, डोक्यात घाई, आणि माझा अंगठा त्या फाइलवर टेकला सुद्धा. इन्स्टॉल करू का असं फोनने विचारलं तेव्हा भानावर आले. नाही म्हटलं, नेट बंद केलं. मग दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवलं, भाच्याने येऊन फोन तपासला, आणि ॲपमधली मर्यादा शून्यावर आणली. हात थरथरत होते, पण काय करायचं ते माहीत होतं. पैसे गेलेच असते तर लगेच १९३०, म्हणजे सायबर फसवणुकीची हेल्पलाइन, लावायचा, हा नंबर कटिंगच्या टेबलावर खडूने लिहून ठेवलाय.

आता दुकानाच्या खात्यात पंधरा हजारांवर ठेवत नाही. ठेवी वेगळ्या खात्यात आहेत आणि त्या ॲपमधून फक्त दिसाव्यात, मोडता येऊ नयेत, असा अर्ज शाखेत दिला. तो मान्य व्हायला तीन खेपा झाल्या. दुकानात कोणी "पैसे पाठवतोय, पिन टाका" म्हणालं तर मदतनीस मुलगीसुद्धा सांगते की पैसे घ्यायला पिन लागत नाही.

व्यवहार वेळेवर होतात, पैसे कधी अडकले नाहीत, व्यापारीही खूश आहे. एकच मोठी तक्रार: मेनू मराठीत आहे, लिमिटचं पान मात्र इंग्रजीत. ज्या पानाने माझी भीती गेली तेच माझ्या नणंदेला वाचता येत नाही. शाखेत दोनदा लेखी दिलंय, दोन्हीची पोच माझ्याकडे आहे.