कुत्रा चोरीला जायची भीती: चिप, जीपीएस, एअरटॅग की सरळ गेटला कडी?

घरातला कुत्रा कोणी उचलून नेला तर, ही भीती एकदा डोक्यात शिरली की माणूस रात्री अकराला फोन घेऊन पट्टे शोधत बसतो आणि समोर एवढं काय काय येतं की कळेनासं होतं. चिप, जीपीएसचा पट्टा, एअरटॅग, नावाची पाटी, कॅमेरा, विमा. विकणारे सगळं "चोरीपासून संरक्षण" म्हणूनच विकतात. खरं सांगायचं तर यातलं बरंचसं चोराला थांबवत नाही. काही वस्तू कुत्रा कुठे आहे ते सांगतात, काही कुत्रा कोणाचा आहे ते सांगतात, आणि ही दोन कामं एकच वस्तू करते असं समजून लोक पैसे घालतात.

म्हणून आधी भीती नेमकी कसली ते बघा. गोव्यात कुत्रा नाहीसा होण्याच्या तऱ्हा वेगवेगळ्या आहेत. एक म्हणजे शिहत्झू, पॉमेरेनियन, बीगल असला छोटा आणि महाग कुत्रा अंगणातून किंवा गाडीतून उचलणं, विकायला नाहीतर पिल्लं काढायला. दुसरी म्हणजे आपला गावठी किंवा मिक्स कुत्रा, जो दिवसभर वाड्यावर हिंडतो, पदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलमागे जातो, आणि एखादा पर्यटक "बिचारा, कोणाचाच नाही" म्हणून गाडीत घालून पुण्याला नाहीतर बंगळूरला घेऊन जातो, ज्याला स्वतःला आपण चोरी केली असं वाटतसुद्धा नाही. तिसरी, दिवाळीच्या आदली नरकासुराची रात्र, चतुर्थीचे फटाके, लग्नातले बॉम्ब, कुत्रा घाबरून सुटतो तो दोन गाव पलीकडे. आणि चौथी, ज्याबद्दल कोणी बोलत नाही, ओळखीतला माणूस. सोडून गेलेला भाडेकरू, काढून टाकलेला केअरटेकर. माझ्या पाहण्यात दुसरी आणि तिसरी तऱ्हा जास्त, पण लोक खर्च करतात तो पहिलीच्या भीतीने.

आता चिप. तांदळाच्या दाण्याएवढी असते, खांद्यांच्या मधे कातडीखाली सुईने घालतात, आत बॅटरी नाही, म्हणजे वर्षानुवर्षं काही करायला लागत नाही. स्कॅनर जवळ धरला की १५ आकडी नंबर दिसतो, बस. ती लोकेशन दाखवत नाही, कधीच दाखवणार नाही, हे नीट समजून घ्या, कारण "चिप घातलीय, आता मोबाइलवर दिसेल" असं म्हणणारे अजून भेटतात. तिचं काम वेगळं आहे. पट्टा कापता येतो, केस कापता येतात, रंगसुद्धा लावता येतो, पण चिप काढायची तर कातडी कापावी लागते. समोरचा म्हणतो हा माझाच कुत्रा, लहानपणापासून माझ्याकडे, तेव्हा चिपचा नंबर आणि तुमच्या नावाची कागदपत्रं हेच उत्तर.

पण इथे एक अडचण. इंग्लंडमध्ये २०१६ पासून कुत्र्याला चिप सक्तीची आहे आणि नंबर डेटाबेसमध्ये मालकाच्या नावावर चढवावा लागतो, तिथे तर २०२४ ला पाळीव कुत्रा-मांजर पळवण्याविरुद्ध वेगळा कायदाच आला, पाच वर्षांपर्यंत शिक्षा. आपल्याकडे सगळ्यांचा मिळून असा एक सरकारी डेटाबेस नाही. केनेल क्लबचे कागद असलेल्या जातिवंत कुत्र्याची नोंद तिथे असते, बाकीच्यांचा नंबर डॉक्टरच्या वहीत. म्हणजे सापडलेल्या कुत्र्यावर कोणी स्कॅनर फिरवला तरी नुसता आकडा दिसणार, तुमचा फोन नंबर नाही. यावर उपाय साधा आहे, चिप घालताना त्या नंबरचं स्टिकर लसीच्या पुस्तकात लावून घ्या, बिलावर तुमचं नाव आणि चिप नंबर दोन्ही लिहून घ्या, आणि त्याचा फोटो स्वतःला ईमेल करून ठेवा. चिप आयएसओची, म्हणजे आंतरराष्ट्रीय मानकाची, १३४.२ किलोहर्ट्झवाली आहे ना ते विचारा. पोर्तुगालला जायचा विचार चाललेल्या घरांना, आणि गोव्यात अशी घरं कमी नाहीत, हे तर करावंच लागतं, कारण युरोपात कुत्रा न्यायला चिप आधी आणि रेबीजची लस नंतर असा क्रम लागतो. क्रम चुकला तर लस परत घ्यावी लागते.

नाव-नंबरची पाटी हा सगळ्यात स्वस्त पर्याय, म्हणून त्याला कोणी मान देत नाही. चोरासमोर ती शून्य. पण "बिचारा कोणाचा नाही" म्हणणाऱ्या पर्यटकासमोर आणि फटाक्यांनी पळालेल्या कुत्र्यासाठी पाटीएवढं कामाचं दुसरं काही नाही, कारण सापडलेल्याकडे स्कॅनर नसतो, फोन असतो. नुसता पट्टा मात्र पुरत नाही, गोव्यात रस्त्यावरच्या कुत्र्यांनाही खायला घालणारे लोक पट्टे बांधतात, चमकणारे, लाल, कसलेही, त्यामुळे पट्टा बघून कोणी हा घरचा आहे असं धरत नाही. पट्ट्यावर कोरलेला फोन नंबर हवा, शक्यतो दोन. क्यूआर कोडवाल्या पाट्या दिसायला छान, पण त्या कंपनीचा सर्व्हर बंद पडला की तुमचा कुत्रा बिननावाचा, त्यापेक्षा कोरलेले दहा आकडे बरे. नाव नाही कोरलंत तरी चालेल, अनोळखी माणसाने कुत्र्याला नावाने हाक मारावी अशी सोय आपण कशाला करून द्यायची.

खरी झुंज आहे ती जीपीएस पट्टा आणि एअरटॅग यांच्यात, आणि इथे गोव्यात तुम्ही राहता कुठे यावर उत्तर बदलतं.

एअरटॅगमध्ये जीपीएस नाही. तो ब्लूटूथवर आजूबाजूच्या आयफोनना आपली खूण देतो आणि ते फोन ॲपलला कळवतात. म्हणजे जवळून आयफोन गेले तर लोकेशन मिळतं, नाही गेले तर शेवटचं जुनं ठिकाणच दिसत राहतं. कळंगुट, बागा, हणजूण, मोरजी, पणजी इथे सीझनला पावलोपावली आयफोन, तिथे एअरटॅग बराच चालतो. तोच कुत्रा सत्तरी किंवा नेत्रावळीसारख्या आतल्या भागात, भाटात म्हणजे बागायतीत शिरला की बोंब. फायदा असा की महिन्याचा रिचार्ज नाही, साध्या सीआर२०३२ सेलवर साधारण वर्ष जातं, आणि वजन ११ ग्रॅम, लहान कुत्र्याला जाणवतही नाही. तोटा मोठा आहे आणि तो दुकानात कोणी सांगत नाही: माणसांचा पाठलाग होऊ नये म्हणून अनोळखी एअरटॅग आपल्याबरोबर फिरतोय असं समोरच्याच्या आयफोनला, आणि आता अँड्रॉइडलाही, आपोआप कळवलं जातं, शिवाय मालकापासून बराच वेळ लांब राहिला की तो हलवल्यावर स्वतःच वाजायला लागतो. म्हणजे चोराला तुम्हीच सांगताय की बाबा, पट्टा काढून टाक. हरवलेल्या कुत्र्यासाठी ठीक, चोरलेल्या कुत्र्यासाठी पहिले काही तास तेवढे तुमचे. ॲपल स्वतः हा सामानासाठी आहे, प्राण्यांसाठी नाही असं म्हणते. चावऱ्या पिल्लाला तर लोंबणारा टॅग लावूच नका, गिळला तर आतला सेल जिवावर बेतेल. अँड्रॉइडवाल्यांना गूगलच्या नेटवर्कवर चालणारे टॅग मिळतात, गणित तेच, फक्त फोन वेगळे.

जीपीएस पट्ट्यात आकाशातून ठिकाण कळतं आणि आतल्या सिमवरून तुमच्या मोबाइलवर येतं. चालू गाडीतला कुत्रा पत्रादेवीच्या, म्हणजे महाराष्ट्राच्या हद्दीकडे चाललाय की मोल्याच्या, म्हणजे कर्नाटकाच्या, हे यातच नीट दिसतं, आणि गोव्यात ते महत्त्वाचं आहे कारण आपलं राज्य सगळं मिळून ३७०२ चौरस किलोमीटर, म्हापशाहून निघालेली गाडी पाऊण तासात महाराष्ट्रात. कुत्रा ठरवलेल्या हद्दीबाहेर गेला की अलर्टही येतो, जो मला यातला सगळ्यात उपयोगी भाग वाटतो, कारण तुम्हाला दोन तासांनी नाही तर लगेच कळतं. पण रिचार्ज भरावा लागतो, बॅटरी काही दिवसच टिकते, आणि ज्या दिवशी चार्जिंगला काढून ठेवला नेमका त्याच दिवशी काहीतरी होतं. मोले, सांगे, केपेच्या आतल्या भागात मोबाइलला रेंज नसली की पट्टापण मुका. स्लॅबखाली किंवा बंद गाडीत ठिकाण सरकतं, शंभर मीटर इकडे तिकडे दाखवतो. पावसाळ्याचंही बघा, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो तिथे "वॉटरप्रूफ" या शब्दावर जाऊ नका, आयपी६७ (पाणी-धुळीपासून बचावाचा दर्जा) किंवा त्याच्यावरचं लिहिलेलं हवं, आणि जाड पट्टा सतत ओला राहिला की मानेला खाज आणि बुरशी ठरलेली, रात्री काढून पुसून ठेवावा लागतो. चार-पाच किलोच्या कुत्र्याच्या मानेवर मोठं यंत्र बांधणं तर बघवत नाही.

आणि दोन्हींचा अंत एकच, कात्री. म्हणून मी यांना चिपच्या ऐवजी कधीच धरत नाही.

कॅमेऱ्याबद्दल थोडक्यात. कॅमेरा चोरी झाल्यावर कामाला येतो, त्यातही गाडीचा नंबर दिसला तरच, आणि रात्री हेडलाइटच्या उजेडात पाटी पांढरीफटक येते, त्यामुळे एक कॅमेरा गेटच्या उंचीवर तिरका लावा, छपरावरून अंगण दाखवणारा नको. जून ते सप्टेंबर वीज जाते तेव्हा वायफायही जातं, राउटर इन्व्हर्टरवर घ्या. पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतील तर गाडी भाड्याची, म्हणजे देणाऱ्याकडे गिऱ्हाइकाचं लायसन असतं आणि पोलीस तिथून माग काढू शकतात. शेजाऱ्याचा कॅमेरा असेल तर त्याच दिवशी फुटेज मागा, डिस्क भरली की जुनं पुसलं जातं.

यापेक्षा गेट. साधी उंच कडी, आतून कुलूप, खालच्या फटीला जाळी, कुत्रा रस्त्यावरून दिसणार नाही अशी बसायची जागा. दुकानाबाहेर बांधून "पाच मिनिटांत येतो" नाही. नसबंदी हा तर चोरीवरचा उपाय म्हणून कोणाच्या डोक्यातच येत नाही, पण पिल्लं काढायला कुत्री पळवणाऱ्याला नसबंदी झालेली कुत्री नकोच असते, आणि नर माजावरच्या कुत्रीमागे चार गाव हिंडायचाही बराच कमी होतो. इन्स्टावर "आमची कुत्री, नसबंदी झालेली" एवढं लिहिलं तरी पुरे, फक्त घराचं लोकेशन टाकू नका.

आता किमतीचा मुद्दा, जो मला सगळ्यात जास्त खटकतो. कायद्यात कुत्रा ही मालमत्ता. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली, तिच्या कलम ३०३ मध्ये चोरीला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, राहत्या घरातून चोरी असेल तर कलम ३०५ खाली सात वर्षांपर्यंत. पण चोरलेल्या वस्तूची किंमत पाच हजारांच्या खाली असेल तर साधी चोरी अदखलपात्र, म्हणजे कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. तीस हजारांचा बीगल असेल तर बिल दाखवा, विषय संपला. रस्त्यावरून उचलून वाढवलेल्या गावठीची किंमत काय सांगणार? त्याच्यावर तुम्ही केलेला खर्च हाच तुमच्या हातातला कागद, म्हणून लस, नसबंदी, चिप, ऑपरेशन, सगळी बिलं तुमच्या नावाने जपा. पंचायतीत किंवा नगरपालिकेत कुत्र्याची नोंद होत असेल तर तीही करून पावती ठेवा. दुसऱ्या हद्दीत कुत्रा गेला म्हणून तक्रार अडत नाही, दखलपात्र गुन्ह्याची झिरो एफआयआर कुठल्याही ठाण्यात घेता येते.

विम्यात काही कंपन्या चोरी किंवा हरवण्याचं कव्हर जोडून देतात, पण वयाची अट असते आणि पोलिसांचा कागद मागतात. दहा वर्षांच्या मिक्स कुत्र्यासाठी पैसे घालवू नका.

तर माझं मत विचाराल तर, ताळगावला फ्लॅट आणि शिहत्झू असेल तर चिप, पाटी आणि हातातली दोरी कधी न सोडणं, ट्रॅकर नसला तरी चालेल. किनाऱ्यावर घर, दार कायम उघडं, पाहुण्यांची ये-जा, तर चिप, पाटी आणि एअरटॅग. पर्वरी, फोंडा, डिचोली अशा ठिकाणी मोठा हिंडणारा कुत्रा असेल आणि तुम्ही नोकरीला दिवसभर बाहेर, तर जीपीएसचे पैसे वसूल होतात. वाळपईच्या पुढे तर आधी कुंपण, मग बाकी सगळं. भाडेकरू किंवा केअरटेकर बदलला की कुलूप बदला आणि ट्रॅकरच्या ॲपचा पासवर्डसुद्धा, कारण चार्जिंगच्या सोयीसाठी तो त्याला तुम्हीच दिलेला असतो.

आणि हे सगळं करूनही कुत्रा गेलाच, तर जाहिरातीत त्याची एक खूण मुद्दाम गाळा, पोटावरचा डाग, मागच्या पायाचं जास्तीचं नख, काहीही. "कुत्रा माझ्याकडे आहे, आधी जीपे करा" असे फोन येतात तेव्हा तीच खूण विचारायची, आणि आत्ताचा व्हिडिओ मागायचा. दोन्ही मिळाल्याशिवाय एक रुपया पाठवू नका.