सात पुस्तकं आणि आठवं तोंडी: हॅरी पॉटरचा संच

‘यात समलिंगी पात्र आहे’ असं सांगून कुणी हा संच सुचवत असेल, तर आधी पानं उलटून बघा. गोष्ट म्हणून संच दणदणीत आहे, त्यावर इथे बोलायचं नाही. लेखिका पुढे जे बोलल्या ते छापलेल्या मजकुरात सापडतं का, एवढंच तपासायचं आहे.

सातवं पुस्तक जुलै २००७ मध्ये आलं. हॅरीच्या जादूच्या शाळेचा मुख्याध्यापक डम्बलडोर समलिंगी असल्याचं लेखिका जे. के. रोलिंग यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये सांगितलं. सातव्या पुस्तकाची १८ आणि ३५ ही दोन प्रकरणं वाचली की पुरे. १८ मध्ये तरुण डम्बलडोरनं तेव्हाचा मित्र ग्रिन्डेलवाल्ड (पुढे खलनायक झालेला जादूगार) याला लिहिलेलं पत्र आहे, ३५ मध्ये त्या दिवसांची त्याची कबुली. ओढ आहे, भारावलेपण आहे, पश्चात्तापही आहे. पण हे सगळं दोन हुशार पोरांची मैत्री म्हणून वाचलं तरी कुठे अडत नाही. ज्याला आधीच माहीत आहे त्याला खूण दिसते. बाकीच्यांना काही निसटल्याची शंकाही येत नाही. आणि ज्या मुलाला असं पात्र भेटायला हवं होतं, तो मुलाखती वाचून पुस्तकाकडे वळत नाही. अर्धे गुण तरी देतो, कारण धागा मुळात होता, मागून चिकटवलेला नाही.

शाळेतला एक दुय्यम विद्यार्थी, अँथनी गोल्डस्टीन, ज्यू असल्याचं २०१४ मध्ये रोलिंग यांच्या ट्विटवरून कळलं. आडनाव सोडलं तर पानावर काहीच नाही. शून्य.

हॅरीची मैत्रीण हर्मायनी हिचं प्रकरण वेगळं. २०१५ मध्ये ‘हॅरी पॉटर अँड द कर्स्ड चाइल्ड’ या नाटकात तिच्या भूमिकेसाठी कृष्णवर्णीय अभिनेत्री नोमा ड्युमझ्वेनी यांची निवड झाली, तेव्हा गोरा रंग कुठे ठरवून दिलेला नाही, असं रोलिंग म्हणाल्या. ‘मजकूर आड येत नाही’ इतकाच तो दावा, आणि तेवढ्यापुरता चालतो. मात्र ‘नाही म्हटलेलं नाही’ म्हणजे ‘आहे’ असं कुणी मोजू लागलं, की हिशेब बिघडतो.

डम्बलडोरचं प्रेम पडद्यावर स्पष्ट शब्दांत आलं ते त्याच जगातल्या ‘फँटास्टिक बीस्ट्स’ चित्रपटमालिकेच्या २०२२ मधल्या तिसऱ्या भागात. चीनमधल्या प्रदर्शनासाठी ते संवाद काढले, एकूण सहा सेकंद. वॉर्नर ब्रदर्सच्या म्हणण्यानुसार चित्रपटाचा गाभा त्यानं बदलला नाही. नेमकी तीच तक्रार आहे.