दुर्रीची जोडी की एक्का-राजा?

नो-लिमिट होल्डेम या पोकरच्या प्रकारात फ्लॉपआधीच (टेबलावरचे पहिले तीन सामायिक पत्ते उघडण्याआधीच) दोघे ऑल-इन गेले, म्हणजे सगळ्या चिप्स लावून बसले, तर दुर्रीची जोडी वेगवेगळ्या रंगांच्या एक्का-राजापेक्षा किंचित पुढे असते. डाव तिच्याकडे जाण्याची शक्यता साधारण 52-53 टक्के. टेबलावरचे पाचही सामायिक पत्ते उघडणार, मध्ये कुणी पैसे लावणार नाही. जोडी टिकली की झालं.

चिप्स शिल्लक असल्या की मात्र चित्र पालटतं. फ्लॉपवर तिसरी दुर्री साधारण साडेआठ वेळांतून एकदाच येते. एरवी समोर तीन मोठे पत्ते, आणि कुणी जोरात पैसे लावले की पुढे असूनही पत्ते टाकावे लागतात. एक्का-राजाला जवळपास दर तिसऱ्या फ्लॉपला जोडी लागते, तीही बहुतेकदा सर्वांत वरची. मग फ्लॉपवर एक्का असला की एक्का-राणीवालाही एक्क्यांच्या जोडीवर हौसेने पैसे भरत राहतो. माझ्या मते रोजची कमाई तिथेच आहे.

दुर्रीचा दिवस क्वचित येतो, पण येतो तेव्हा जोरात. सेट (तीन दुर्र्या) लागला आणि दोघांकडे 100 बिग ब्लाइंड (डावाआधी सक्तीने लावायची मोठी रक्कम) इतक्या चिप्स असल्या, तर एक्केवाला सगळं घालवून बसू शकतो. हातात 15 बिग ब्लाइंड असताना फक्त सेटच्या आशेने कॉल करणं (समोरच्याइतके पैसे भरणं) म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.